समाधान आणि तक्रार : 'स्मृतिचित्रे'तील ख्रिस्ती श्रद्धेचे स्वरूप

प्रस्तावना

मराठी आत्मचरित्रवाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाचे स्थान निर्विवाद मानले जाते. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा अखेरचा भाग लेखिकेच्या निधनानंतर त्यांचे पुत्र देवदत्त टिळक यांनी पूर्ण केला. लग्नापूर्वी अक्षरओळखही नसलेल्या एका स्त्रीने उतारवयात सांगितलेली ही हकिकत आज नऊ दशकांनंतरही वाचली जाते, अभ्यासक्रमांत नेमली जाते आणि अनुवादांच्या द्वारे मराठीबाहेरही पोहोचली आहे.

असे असले तरी या ग्रंथाचे वाचन दोन वेगळ्या वाटांनी झालेले दिसून येते. वाङ्मयीन समीक्षेने त्यातील निर्व्याज निवेदन, घरगुती भाषा, नर्मविनोद आणि पतिपत्नींच्या सहजीवनाचे जिवंत चित्रण यांचा मनापासून गौरव केला. परंतु लेखिकेची ख्रिस्ती श्रद्धा ही केवळ चरित्रातील एक घटना म्हणून बाजूला ठेवली. याउलट ख्रिस्ती वाचकवर्गाने हा ग्रंथ श्रद्धेची साक्ष म्हणून जवळ केला. परंतु त्यातील भांडणे, रुसवे, उपासमार आणि नवऱ्याविषयीची स्पष्ट तक्रार यांच्याकडे कौतुकाने हसून दुर्लक्ष केले. एका वाचनात विनोद उरतो, श्रद्धा हरवते. दुसऱ्यात श्रद्धा उरते, तक्रार हरवते.

प्रस्तुत लेखात या दोन वाटा एकत्र आणण्याचा प्रयत्न केला आहे. ख्रिस्ती श्रद्धेतून मिळणारे टिकाऊ समाधान म्हणजे नेमके काय, हा प्रश्न 'स्मृतिचित्रे'च्या आधारे तपासणे हा लेखाचा हेतू होय. हे समाधान दुःखाच्या वा तक्रारीच्या लोपातून आलेले नाही. तक्रार जशीच्या तशी सांगूनही मनात कडवटपणा उरू न देण्याच्या सामर्थ्यात ते आहे, आणि ग्रंथातील विनोद हे त्या सामर्थ्याचेच वाङ्मयीन रूप आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. हा प्रश्न केवळ रसग्रहणाचा नाही. समाधानी स्त्री म्हणजे गप्प राहिलेली स्त्री, असे समीकरण आपल्या समाजात खोलवर रुजलेले आहे. लक्ष्मीबाईंचे समाधान त्याच जातीचे असेल, तर या ग्रंथाचा गौरव करताना आपण एका अन्यायाचाही गौरव करीत असू. म्हणून हे समाधान पारखून घेणे आवश्यक ठरते.

१. आनंद आणि समाधान

मराठीत 'आनंद' आणि 'समाधान' हे शब्द आपण अनेकदा जोडीने वापरतो, तथापि त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत. आनंद उसळतो, समाधान स्थिरावते. आनंदाला निमित्त लागते. समाधान निमित्त गेल्यावरही राहते, किंबहुना निमित्त गेल्यावरच त्याची परीक्षा होते.

नव्या करारात या दोहोंचा विचार आढळतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या शिष्यांना निरोप देताना प्रसूतिवेदना सोसणाऱ्या स्त्रीचा दृष्टान्त देतो आणि कोणीही हिरावून घेऊ शकणार नाही अशा आनंदाचे आश्वासन देतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की वेदना खोटी होती असे तो म्हणत नाही. वेदना खरी असते आणि आनंद तिच्यामधून येतो. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र तर बंदिवासातून लिहिलेले आहे, आणि तरीही आनंदाचा उल्लेख त्यात पुन्हा पुन्हा येतो. त्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल आपल्या समाधानाविषयी बोलताना, आपण ते 'शिकलो' असे सांगतो. समाधान ही जन्मजात वृत्ती नसून ती शिकावी लागते, विपुलतेत आणि टंचाईत दोन्हीकडे शिकावी लागते, असा त्याचा आशय आहे. तेथे त्याने योजलेला मूळ ग्रीक शब्द त्या काळी स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिभाषेत परिचित होता. स्टोइकांच्या दृष्टीने तो स्वयंपूर्णतेचा वाचक होता : ज्ञानी पुरुषाला बाहेरचे काही लागत नाही. पौल मात्र लगेच आपले सामर्थ्य आपले स्वतःचे नाही असे म्हणतो आणि फिलिप्पैकरांनी पाठविलेल्या मदतीबद्दल आभारही मानतो. म्हणजे हे समाधान कोणाचीच गरज नसलेल्या माणसाचे नव्हे; ते परावलंबित्व मान्य केलेल्या माणसाचे आहे.

मराठी भक्तिपरंपरेलाही ही कल्पना परकी नाही. देवाने ठेवले त्या स्थितीत चित्त स्वस्थ ठेवण्याचा उपदेश वारकरी संतांनी केला आहे. आणि त्याच संतांनी देवाशी भांडण मांडले, त्याला दूषणे दिली, हेही तितकेच खरे आहे. जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत विलापाच्या आणि गाऱ्हाण्याच्या स्तोत्रांची संख्या मोठी आहे. म्हणजेच दोन्ही परंपरांमध्ये तक्रार ही श्रद्धेच्या बाहेरची गोष्ट नसून श्रद्धेच्याच भाषेचा एक भाग आहे. लक्ष्मीबाईंच्या मनावर या दोन्ही परंपरांचे संस्कार होते, हे पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

२. दीक्षेनंतरचा प्रश्न

ख्रिस्ती श्रद्धेचे मराठीतील वाङ्मयीन प्रकटीकरण जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले. परंतु ओवीबद्ध पुराणात ख्रिस्ताची कथा येते. ती ऐकून बदललेल्या माणसाचे अंतरंग येत नाही. ते येण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील आत्मचरित्राची वाट पाहावी लागली.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे 'अरुणोदय' हे या दृष्टीने आरंभीचे महत्त्वाचे आत्मचरित्र होय. पदमनजींनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्या निवेदनाचा कल विचारांच्या प्रवासाकडे आहे : शंका, वाचन, वाद, निर्णय आणि त्यासाठी सोसलेला विरोध. शीर्षकातच सुचविल्याप्रमाणे अंधारातून प्रकाशाकडे होणारा हा प्रवास दीक्षेच्या दिशेने वाटचाल करतो. अशा रचनेत आनंद हा साध्य म्हणून शेवटी उभा असतो. सूर्य उगवल्यानंतरचा दिवस कसा गेला, दुपारच्या उन्हात काय झाले, हा प्रश्न रचनेच्या कक्षेत फारसा येत नाही.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मात्र हाच प्रश्न निर्भीडपणे मांडला. आईवडील दुष्काळात गमावलेल्या आणि विद्वत्तेने सर्वत्र गाजलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे दीक्षा घेतली. परंतु १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या आध्यात्मिक निवेदनात त्या असे नमूद करतात, की दीक्षेनंतर जवळजवळ आठ वर्षे त्यांच्या मनाला हवी ती शांती लाभली नव्हती. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नव्हता. धर्म आणि धर्माचा स्वामी यांत त्यांनी केलेला हा भेद ख्रिस्ती आनंदाच्या विचारात मोलाचा आहे. दीक्षा ही एका दिवसाची घटना असते; समाधान त्या दिवशी मिळेलच अशी हमी नसते. केडगावच्या मुक्तिसदनाचा अवाढव्य प्रपंच, बायबलच्या मराठी भाषांतराचे दीर्घ परिश्रम आणि आयुष्याच्या अखेरीस १९२१ मध्ये कन्या मनोरमेचा मृत्यू, या सर्वांतून जावे लागलेल्या रमाबाईंना लाभलेले समाधानही कष्टाच्या बाहेरचे नव्हते.

रमाबाईंचे निवेदन साक्षीच्या घाटात लिहिलेले आहे. त्यात आधीची अशांती आणि नंतरची शांती यांमधील रेषा स्पष्ट आहे. 'स्मृतिचित्रे'त अशी रेषा शोधू गेल्यास ती सापडत नाही. हाच या ग्रंथाचा विशेष होय.

३. टिळकांच्या अभंगांतील विसावा

लक्ष्मीबाईंच्या समाधानाचा विचार रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या काव्याशिवाय करता येत नाही. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी दीक्षा घेतली. पुढे मराठी मंडळ्यांमध्ये गायिली जाणारी असंख्य भजने त्यांनी रचली. 'उपासना-संगीत' या संग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे.

'अभंगांजली'तील रचनांमध्ये टिळकांनी 'दास' ही नाममुद्रा योजून अभंगाची जुनी चौकट स्वीकारली. ख्रिस्ताला त्यांनी माउलीच्या आणि गुरूच्या रूपात पाहिले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. या अभंगांचा प्रधान भाव विसाव्याचा आहे. शोध संपला, पाय सापडले, आता मागणे उरले नाही, अशी तृप्ती त्यांत व्यक्त होते. तुकोबांच्या गाथेतील तळमळ आणि देवाशी केलेला झगडा यांच्या तुलनेत टिळकांच्या अभंगांत झगड्याचा भाग कमी आणि प्राप्तीचा भाग अधिक आहे, असे म्हणता येईल.

परंतु विसाव्याची गाणी गाणारा हा कवी व्यवहारात कमालीचा अस्वस्थ होता. नोकऱ्या धरणे व सोडणे, गावे बदलणे, हाती आलेला पैसा देऊन टाकणे, नवनव्या कल्पनांच्या मागे धावणे हा त्यांचा स्वभाव दीक्षेनंतरही बदलला नाही. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. दीक्षा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान असावे, ही त्यांची कल्पना होती. वयाच्या छपन्नाव्या वर्षी सुरक्षित वेतन सोडणाऱ्या या माणसाच्या अभंगांतील विसावा खोटा होता काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. देवाविषयी त्यांचे मन निश्चिंत होते. जगाविषयी ते कधीच निश्चिंत नव्हते. मात्र अभंगाच्या घाटात पहिली गोष्ट सांगता आली; दुसरी सांगण्यासाठी दुसऱ्या कोणाची तरी लेखणी लागली.

याच घराच्या आश्रयाने काही काळ राहिलेले बालकवी ठोंबरे (१८९०–१९१८) यांचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. मराठी कवितेतील निसर्गानंदाचे सर्वांत निर्मळ गाणे ज्यांनी गायिले, त्यांच्याच उत्तरकालीन कवितेत एक गडद उदासीनता उतरली, आणि तिच्या कारणांची चर्चा मराठी समीक्षेने पुष्कळ केली आहे. निमित्तावर उभा असलेला आनंद किती उत्कट असू शकतो आणि किती लवकर मावळू शकतो, याचे हे उदाहरण होय. टिळकांच्या घरात अशा रीतीने आनंदाच्या तीन तऱ्हा एकत्र नांदल्या : बालकवींचा उसळता आनंद, टिळकांचा गायिलेला विसावा आणि स्वयंपाकघरात दोघांचेही जेवणखाण पाहणाऱ्या लक्ष्मीबाईंचे समाधान. यांतील तिसरी तऱ्हा शब्दबद्ध व्हायला सर्वांत उशीर लागला.

४. तक्रार जपणारे समाधान

'स्मृतिचित्रे'चा आरंभ दीक्षेच्या पुष्कळ आधी, नाशिकजवळील जलालपूरच्या बालपणापासून होतो. सोवळ्याओवळ्याच्या वेडाने झपाटलेले वडील आणि त्या वेडाखाली दबलेले घर यांचे चित्र तेथे येते. कोणत्याही सुधारकी लेखकाने या प्रसंगांवर टीकेचे आसूड ओढले असते. धर्मांतरित लेखकाने तर जुन्या धर्माच्या निरर्थकतेचा पुरावा म्हणून ते मांडले असते. लक्ष्मीबाई दोन्ही करीत नाहीत. त्या वडिलांच्या वागण्याने घरातील माणसांची होणारी फजिती आणि हाल सांगतात, वाचक हसतो, हसता हसता त्याला त्या मुलांची कीव येते, आणि तरीही वडिलांविषयी द्वेष निर्माण होत नाही. येथे तक्रार पूर्ण आहे, पण खटला नाही.

हीच पद्धत पुढे पतीच्या बाबतीत दिसते. लग्नानंतर न सांगता निघून जाणारा, रागाच्या भरात काहीही करणारा, घरात दाणा नसताना असलेले दुसऱ्याला देऊन टाकणारा नवरा लक्ष्मीबाईंनी लपविलेला नाही. महात्म्याच्या पत्नीने लिहिलेल्या चरित्रात जी भक्तिपूर्ण झाकपाक अपेक्षित असते, ती येथे नाही. त्या त्यांचा उल्लेख सरळ 'टिळक' असा करतात. या एका शब्दात आदर आहे, आणि एक पाऊल मागे सरून पाहण्याची मोकळीकही आहे.

टिळकांच्या दीक्षेचा प्रसंग हा या दृष्टीने कसोटीचा आहे. टिळकांच्या चरित्रकाराच्या दृष्टीने तो परमोच्च आनंदाचा क्षण. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने तो वज्राघात होता. नवरा जिवंत असून संसार मोडला, पदरात लहान मूल, समाजाच्या नजरा आणि नातेवाइकांचा आश्रय, अशा स्थितीत त्यांना काही वर्षे काढावी लागली. येथे लेखिकेची एक मोठी परीक्षा होती. ग्रंथ लिहिताना त्या स्वतः ख्रिस्ती होऊन तीन दशके उलटली होती. त्या जुन्या दुःखाला 'पुढे कळले की ते सर्व चांगल्यासाठीच होते' असा उत्तरकालीन मुलामा देणे त्यांना सहज शक्य होते. श्रद्धापर आत्मकथनात तसे सर्रास घडते. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. त्या वेळचे दुःख त्यांनी त्या वेळच्याच मापाने मांडले. पतीला सत्य गवसले, पण त्या गवसण्याची किंमत पत्नीने मोजली, ही वस्तुस्थिती ग्रंथात कायम राहते.

मग समाधान कोठे आहे? प्रस्तुत अभ्यासकाच्या मते ते निवेदनाच्या स्वरात आहे. 'स्मृतिचित्रे'तील प्रकरणे लहान आहेत, वाक्ये तोकडी आणि बोलीच्या जवळची आहेत, आणि प्रसंग संपला की लेखिका थांबतात. त्यावर तात्पर्य चढवीत नाहीत. ज्याच्या मनात सल उरलेला असतो तो सांगताना फुगवितो किंवा टाळतो. लक्ष्मीबाई दोन्ही करीत नाहीत. एखाद्या जखमेला हात लावून दाखविता येणे, आणि दाखविताना हात न थरथरणे, ही ती जखम भरून आल्याची खूण असते. व्रण मात्र तसाच राहतो.

या ग्रंथातील विनोदाचाही असाच विचार केला पाहिजे. हा विनोद दुःखावर पांघरूण घालणारा नाही, कारण दुःख पुरते उघडे आहे. तो दुसऱ्याला खाली पाडणाराही नाही, कारण हसण्याचा विषय होण्याची पाळी टिळकांइतकीच स्वतः लेखिकेवर येते. आपले अज्ञान, आपला हट्ट, आपली भीती आणि आपले सोवळे यांना त्या सारख्याच मोकळेपणाने हसतात. ख्रिस्ती विचारात क्षमेला जे स्थान आहे, ते येथे प्रवचनातून नव्हे तर या समदृष्टीच्या हसण्यातून प्रकट होते. ज्याला आपणही क्षमेचे याचक आहोत याची जाणीव आहे, त्यालाच दुसऱ्याच्या दोषांचे वर्णन न्यायाधीशाच्या आसनावर न बसता करता येते. म्हणून विनोद आणि श्रद्धा या ग्रंथात दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असे वाटते.

५. स्वयंपाकघराचा उंबरठा

लक्ष्मीबाई पतीपाठोपाठ ख्रिस्ती झाल्या, असे ढोबळ विधान अनेकदा केले जाते. ते ग्रंथाशी जुळत नाही. पतीकडे परतल्यानंतरही त्यांनी आपले खाणेपिणे, आपला आचार वेगळा राखला. एका छपराखाली दोन धर्म नांदत होते. टिळकांनी त्यांच्यावर दीक्षेची सक्ती केली नाही, हे जसे महत्त्वाचे आहे, तसेच त्यांनी पतीच्या शब्दाखातर ती घेतली नाही, हेही महत्त्वाचे आहे. १९०० मध्ये त्यांनी दीक्षा घेतली, त्यापूर्वी त्यांच्या मनात जो पालट झाला तो त्यांच्या निवेदनानुसार प्रथम जातीच्या प्रश्नावर झाला. जातिभेद देवाने केला नसून माणसांनी केला आहे, ही जाणीव त्यांना आधी झाली. देवाविषयीचे तत्त्व नंतर आले. हातातील पाण्याचे भांडे आधी बदलले.

हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे त्यांच्या समाधानाचे मूळ स्पष्ट होते. ज्या सोवळ्याने वडिलांचे घर छळले गेले, त्याच सोवळ्याचा धाक त्यांच्या स्वतःच्या मनात खोलवर होता. त्या धाकातून झालेली सुटका हा त्यांच्या आनंदाचा पहिला आणि सर्वांत मूर्त अनुभव होय. हा आनंद चिंतनातून नव्हे तर शिवण्यातून आला : दुसऱ्याच्या हातचे पाणी पिण्यातून, पोरक्या मुलांना जवळ घेण्यातून, आजाऱ्याची सेवा करण्यातून. पौलाने 'शिकलो' असे म्हटले, ते येथे घरातल्या रोजच्या कामांतून शिकणे झाले.

तथापि येथेच ग्रंथाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील मराठी मिशनच्या मंडळ्यांमध्ये बहुसंख्य ख्रिस्ती लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. ब्राह्मण कुटुंबातून आलेल्या व्यक्तीसाठी ख्रिस्ती होणे म्हणजे प्रतिष्ठा गमावणे होते. त्यांच्यासाठी ते माणूस म्हणून प्रथमच उभे राहणे होते. उंबरठा ओलांडून बाहेर येणाऱ्या लक्ष्मीबाईंचा आनंद ग्रंथात सविस्तर आहे. उंबरठ्याच्या पलीकडे पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटले, त्याचे समाधान कोणत्या प्रकारचे होते आणि मंडळीत आल्यावरही त्याच्या वाट्याला भेदभाव आला की नाही, याचे उत्तर त्याच्या तोंडून येथे मिळत नाही. हा लेखिकेचा दोष नव्हे. कोणतेही आत्मचरित्र एकाच जिवाचे असते. परंतु 'स्मृतिचित्रे'ला मराठी ख्रिस्ती अनुभवाचे प्रातिनिधिक चित्र मानणाऱ्या वाचकांनी ही बाब दृष्टिआड करू नये.

६. दोन आक्षेप

वरील विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप स्त्रीवादी दृष्टीचा आहे. लक्ष्मीबाईंचे समाधान हे शेवटी पतीच्या लहरींशी जुळवून घेतलेल्या पत्नीचेच समाधान नव्हे काय? श्रद्धेने तिला सहन करण्याचे बळ दिले, म्हणजेच अन्याय चालू ठेवण्यास मदत केली, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. टिळकांच्या औदार्याची कीर्ती टिळकांना मिळाली आणि त्याचा हिशेब लक्ष्मीबाईंना जुळवावा लागला, ही विषमता ग्रंथात ठायी ठायी दिसते. परंतु ही विषमता आपल्याला दिसते ती लक्ष्मीबाईंनी दाखविली म्हणूनच. जुळवून घेणारी स्त्री आणि जुळवून घ्यावे लागले असे छापील स्वरूपात सांगणारी स्त्री यांत मोठे अंतर आहे. ज्या समाधानाने बोलण्याचे धैर्य दिले, त्याला केवळ शरणागती म्हणता येणार नाही. शिवाय त्यांनी आपल्या श्रद्धेचा निर्णय पतीपासून वेगळा, आपल्या वेळेला आणि आपल्या कारणांसाठी घेतला, हे वर पाहिलेच आहे.

दुसरा आक्षेप असा, की हा विनोद आणि ही सोशिकता हा लक्ष्मीबाईंच्या स्वभावाचा भाग होता. त्याचे श्रेय श्रद्धेला का द्यावे? स्वभावाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. नाशिककडील ब्राह्मणी घरांतील बायकांच्या बोलण्यातील खोचक गोडवा त्यांच्या भाषेत उतरला आहे. परंतु स्वभाव हा कच्चा माल असतो. असाच तल्लख विनोद दुःखाच्या धगीत कडू उपरोध होऊन बसल्याची उदाहरणे वाङ्मयात विपुल आहेत. लक्ष्मीबाईंचा विनोद कडू का झाला नाही, या प्रश्नाचे उत्तर स्वभाव या एका शब्दाने मिळत नाही. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यानंतर पोटापाण्यासाठी नवी कामे पत्करणे, मुलाबरोबर थेट कराचीपर्यंत जाणे आणि टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' आपल्या ओव्यांनी पुरे करणे, हे सारे त्यांनी केले. पतीच्या धर्माने एकेकाळी ज्यांचा संसार मोडला, त्यांनीच त्या धर्माचे महाकाव्य सिद्धीस न्यावे, ही घटना स्वभावाच्या पलीकडच्या कशाची तरी साक्ष देते.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

एक, ख्रिस्ती श्रद्धेतील समाधान दीक्षेच्या क्षणी आपोआप हाती येते, ही समजूत मराठी ख्रिस्ती आत्मकथनांच्या वाचनातून टिकत नाही. पंडिता रमाबाईंनी ते स्पष्ट शब्दांत सांगितले. लक्ष्मीबाईंनी ते आपल्या आयुष्याच्या कथनातून दाखविले.

दोन, टिळकांचे अभंग आणि 'स्मृतिचित्रे' परस्परपूरक आहेत. अभंगांत विसाव्याचे गाणे आहे, तर तो विसावा ज्या घरात गायिला गेला त्या घराची हकिकत 'स्मृतिचित्रे'त आहे. एक वाचून दुसरे सोडणे म्हणजे अर्धेच वाचणे होय.

तीन, 'स्मृतिचित्रे'तील समाधान तक्रारीला पुसून टाकत नाही. ते तिला जपते, तिचे माप वाढवीत नाही आणि कमीही करीत नाही. त्यामुळे समाधानी माणसाने गप्प राहावे या रूढ अपेक्षेला हा ग्रंथ छेद देतो.

चार, या ग्रंथातील श्रद्धेचा आनंद जातीच्या बंधनातून झालेल्या सुटकेशी जोडलेला आहे. मात्र त्या सुटकेची दुसरी बाजू समजून घेण्यासाठी दलित ख्रिस्ती समाजातील आत्मकथने, पत्रे, मंडळ्यांचे दप्तर आणि मौखिक आठवणी यांचा अभ्यास होणे आवश्यक आहे. जुन्या पिढीतील माणसे हयात आहेत तोवर हे काम महाविद्यालयीन पातळीवरही हाती घेता येण्यासारखे आहे.

आजच्या काळात आनंदी राहण्याचे सल्ले सर्वत्र विपुल मिळतात, आणि त्यांतील बहुतेक सल्ले दुःख विसरण्याची युक्ती सांगतात. लक्ष्मीबाईंनी काहीही विसरले नाही. भाकरी कोणत्या दिवशी नव्हती, कोण काय बोलले, टिळक केव्हा निघून गेले, हे सर्व त्यांच्या ध्यानात होते, आणि तरीही त्यांच्या पानांवर कोणाविषयी विष नाही. श्रद्धा न मानणाऱ्या वाचकालाही या पानांपाशी थांबावेसे वाटते, त्याचे कारण बहुधा हेच असावे.